उत्तर टपालानेच कळवावे

दत्तोपंत मिठबावकर आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीत मी पहिल्या मजल्यावर आणि ते दुसऱ्या. मध्ये अठरा पायऱ्या. तरीही त्यांनी मला पहिल्यांदा चहाला बोलावलं ते पोस्टकार्ड पाठवून. ‘सेक्रेटरीबाईंस, गुरुवारी सायंकाळी ठीक पाच वाजता चहापानास येण्याचे करावे. उत्तर टपालानेच कळवावे.’ कार्ड माझ्या हातात पडलं सोमवारी. गुरुवार कधीच होऊन गेला होता, कारण या गृहस्थांनी ते बुधवारी संध्याकाळी पेटीत टाकलं होतं.

मी कार्ड घेऊन वर गेले. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून नवीन होते, अंगात उत्साह होता. दार उघडलं तर समोर ऐंशी पार केलेला माणूस, केस कोळशासारखे काळे, अंगात कोशाचा झब्बा, आणि भर दुपारी खांद्यावर उपरणं. मी म्हटलं, “अहो, हे आज मिळालं. हाक मारली असती तर आले असते की.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते.

“बाई, हाक विंगेतून मारतात, पडदेवाल्याला. पाहुण्याला पत्र लिहितात.”

“मग आता आलेच आहे तर चहा घेऊ या?”

“कसा घेणार? बोलावणं गुरुवारचं होतं. दुसरं पत्र पाठवतो.” आणि दार लावून घेतलं. आतून आल्याच्या चहाचा वास येत होता, हे मला आजही आठवतं.

हे गृहस्थ एके काळी फार मोठे नट होते म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मी त्यांचं एकही नाटक पाहिलेलं नाही. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “नुकसान तुमचं.” पण भाजीवाल्यापासून डेंटिस्टपर्यंत साठीच्या पुढचा कोणीही त्यांना पाहून उभा राहायचा, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा तर त्या डेंटिस्टने रुग्णाचं तोंड उघडं ठेवून बाहेर येऊन नमस्कार केला होता.

त्यांच्याकडे मोबाईल होता. तो लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला असे, झाकण लावून. भाच्याने पुण्याहून घेऊन दिला होता आणि सोसायटीच्या ग्रुपमध्ये त्यांना घालूनही टाकलं होतं. महिन्यातून एकदा डबा उघडून ते सगळे संदेश वाचत आणि मग उत्तरं देत. पोस्टकार्डावर. तिसऱ्या मजल्यावरच्या नेने वहिनींना कार्ड गेलं होतं, ‘आपला दि. तीनचा ‘शुभ सकाळ’ हा संदेश पावला. आभारी आहे. माझीही सकाळ बरी गेली.’

पण त्यांची खरी करामत वेगळीच. ज्या समारंभाचं आमंत्रण नसेल त्याला ते दिलगिरीचं पत्र पाठवत. तळमजल्यावरच्या जोशांनी नातीचं बारसं घरच्या घरी उरकायचं ठरवलं होतं. बिल्डिंगमध्ये कोणाला पत्ता नव्हता. तीन दिवस आधी जोशांना कार्ड आलं, ‘आपल्या नातीच्या बारशास उपस्थित राहण्याची मनापासून इच्छा होती. परंतु काही अपरिहार्य कारणास्तव येऊ शकत नाही. क्षमस्व.’ जोशी ओशाळे होऊन धावत वर गेले. दत्तोपंत नाही म्हणाले. संध्याकाळी जोशी वहिनी गेल्या. दत्तोपंत पुन्हा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं पेढे घेऊन गेले, तेव्हा कुठे साहेब राजी झाले, बारशाला आले, आणि पाळण्यातल्या त्या पोरीसमोर पंचवीस मिनिटं बोलले. ती एकटीच झोपली हे तिचं भाग्य.

“हे काय नाटक असतं हो तुमचं?” मी एकदा विचारलं. तोवर माझी रीतसर लेखनिक म्हणून नेमणूक झाली होती. त्यांचा हात थरथरायला लागला होता आणि माझं अक्षर त्यांना पसंत पडलं होतं. दर गुरुवारी पाच वाजता ते येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे, मी लिहायचे, खाली ते वेडीवाकडी सही करायचे. चहा मिळायचा.

“नाटक नव्हे, रिवाज आहे. थिएटरात किती घंटा होतात?”

“तीन.”

“पहिल्या घंटेला आत जाऊन कोण बसतं? ज्याला दुसरं काही काम नाही तो. दुसरीला घाईतली माणसं. पडदा वर जातो तिसरीला. बोलावण्याचंही तसंच. पहिलं बोलावणं रीत म्हणून, दुसरं संकोच म्हणून, तिसरं खरं. आमच्या कंपनीच्या मालकांनी हे आम्हाला शिकवलं. दोनदा नाही म्हणायचं. माणूस तिसऱ्यांदा आला तर जायचं, नाही आला तर त्याला तुम्ही नकोच होतात.”

ऐकायला बरं वाटतं. पण या रिवाजाने त्यांचं एकदा फार वाईट झालं. गावातल्या एका हौशी नाट्यमंडळाच्या मुलांनी त्यांचा सत्कार ठरवला आणि, कौतुकाची गोष्ट, छापील पत्रिका घेऊन घरी आली. दत्तोपंतांनी माझ्याकडून नकार लिहवून घेतला. फार सुंदर नकार होता. ‘माझ्यापेक्षा योग्य माणसे आहेत’ वगैरे. मग ते दुसऱ्या बोलावण्याची वाट पाहू लागले. केसांना नवा रंग लागला. झब्ब्याला इस्त्री झाली. चार दिवसांनी लाडवांच्या डब्यात मोबाईल वाजला, तर त्यावर लिहिलेलं, ‘ओके सर, नो प्रॉब्लेम,’ आणि एक अंगठा.

मी त्या मुलांच्या प्रमुखाला फोन केला. तो बिचारा गोंधळूनच गेला. “अहो काकू, सर स्वतः नाही म्हणालेले ना! मग आम्ही दुसऱ्यांना विचारलं. ते लगेच हो बोलले.” यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. सत्काराच्या दिवशी संध्याकाळी मी वर गेले, तर दत्तोपंत पूर्ण पोशाखात खुर्चीवर बसलेले. बूटसुद्धा. म्हणाले, “सहज घातले.” मला त्या दिवशी त्यांचा राग आला. मी चहा केला, त्यांनी तो बूट न काढता प्यायला.

आता मुख्य गोष्ट.

दर वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी दत्तोपंतांकडे दुपारचं जेवण असे. पाहुणे तीन. एक मी. दुसरे कंपनीचे जुने पेटीवाले गद्रेमास्तर, जे कळव्याहून येत आणि ज्यांना आता पेटीशिवाय काही ऐकू येत नसे. तिसऱ्या कुमुदबाई. त्या कधीच येत नसत. टेबलाचा नकाशा दत्तोपंत आठ दिवस आधी कागदावर काढत, प्रत्येक पानासमोर नावाची चिठ्ठी उभी करत, आणि कुमुदबाईंची चिठ्ठी कायम त्यांच्या उजव्या हाताला. एक वाजेपर्यंत आम्ही थांबायचो. मग ते स्वयंपाकाच्या मंदाताईंना सांगत, “ते पान उचला.” जेवणाचा बेतही ठरलेला, वालाचं बिरडं, पुऱ्या, श्रीखंड. त्यात बदल सुचवला की ते ऐकू न आल्यासारखं करत. गद्रेमास्तरांना खरंच ऐकू येत नसे.

कुमुदबाई म्हणजे त्यांच्या नायिका. बारा वर्षं दोघांनी रंगमंचावर संसार केला, गावोगाव. त्या कोपरीच्या. घरची एके काळी मिठागरं होती. कंपनीत आल्या तेव्हा बोलणं सगळं घरचं. मालकांनी दोन वर्षं त्यांची भाषा घासूनपुसून घेतली, मग उभं केलं. बत्तीस वर्षं दत्तोपंत त्यांना या जेवणाचं एक पत्र पाठवत आणि बत्तीस वर्षं त्यांचं ‘येणे जमत नाही’ असं उत्तर येई. निळ्या अंतर्देशीयावर, मोत्यासारखं अक्षर.

त्या वर्षीचं उत्तर मीच वाचून दाखवलं. त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलवली आणि घडी करून ठेवून द्यायला सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, मग परत बोलवा की!”

“नाही म्हणाली ना ती.”

“तुम्ही पण म्हणता.”

“माझी गोष्ट वेगळी. कुमुद एकवचनी बाई आहे. तिचं नाही म्हणजे नाही.”

मी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. “दत्तोपंत, तो तीन घंटांचा रिवाज मालकांनी कोणाकोणाला शिकवला होता?”

“सगळ्यांना.”

“कुमुदबाईंना?”

“तिला तर छडी घेऊन...” आणि ते थांबले. येरझाऱ्याही थांबल्या. नंतर ते हळूच खुर्चीत बसले. मी या माणसाला खुर्चीत हळू बसताना कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी खुर्ची पकडून, झब्बा सावरून, चार माणसं बघताहेत अशा थाटात बसायचे.

वाटलं होतं, आता म्हणतील, लिहा दुसरं पत्र. पण नट तो नट. “बोलावणाऱ्याने किती वाकायचं?” म्हणाले.

मग मात्र माझा तोल गेला. “तुमच्यासाठी अख्खी बिल्डिंग तीन तीन वेळा वाकते! जोशांना संधिवात आहे, तरी जिने चढले तुमच्यासाठी. तुम्हाला एक पोस्टकार्ड जड होतंय?” गुरुवारचा चहा बंद झाला तरी चालेल असं मनाशी ठरवून बोलले मी. त्यांनी माझ्यापुढचं कोरं कार्ड बाजूला सारलं. मग म्हणाले, “पोस्टकार्ड नको. पाकीट घ्या.”

दुसऱ्या पत्राचं उत्तर सहा दिवसांनी आलं. नकारच होता, पण दोन ओळींचा. खाली मात्र काहीतरी नवीन होतं. ‘ता. क. यंदा पानं कशी मांडणार आहात?’

मी वाचलं आणि दत्तोपंतांचा चेहरा उतरला. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. कंपनीचा शेवटचा प्रयोग कल्याणला झाला. प्रयोगानंतर मालकांनी मोठं जेवण ठेवलं होतं आणि पानं मांडायचं काम दत्तोपंतांकडे. कंपनीत त्या दोघांबद्दल कुजबुज चालू होती. रंगमंचावरचा संसार विंगेतही चाललाय म्हणून. दत्तोपंतांनी कुमुदबाईंचं पान पार टोकाला, रंगभूषाकाराच्या पलीकडे मांडलं. कुमुदबाई आल्या, आपली चिठ्ठी वाचली, आणि पानावर न बसता तशाच निघून गेल्या. बिरडं, पुऱ्या, श्रीखंड, सगळं वाढलेलं तसंच राहिलं.

“मी तिची अब्रू राखायला गेलो,” ते म्हणाले.

“आणि तुमची?”

“माझीही,” ते म्हणाले. एवढं खरं ते फार क्वचित बोलायचे.

तिसरं पत्र त्यांनी एका दमात सांगितलं. मी पहिल्यांदाच त्यांना विशेषणं न वापरता बोलताना ऐकलं. सोबत टेबलाचा नकाशा. रविवारला तीन दिवस राहिले होते, आणि या माणसाच्या टपालाच्या हिशेबावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी म्हटलं, मीच कोपरीला नेऊन देते. त्यांना ते पटलं नाही, पण नाइलाज होता. “तिकीट मात्र लावा,” म्हणाले. लावलं. मी माझ्याच पर्समधून एका पत्राची ने-आण तिकीट लावून केली, हे घरी कोणाला सांगितलं नाही.

मिठागरांच्या जागी आता त्यांच्या आडनावाचा टॉवर आहे. सहाव्या मजल्यावर कुमुदबाईंनी स्वतः दार उघडलं. बारीक अंगाच्या, केस पांढरेशुभ्र, रंग लावण्याची गरज न वाटलेल्या. पाकीट हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला.

“यावर पोस्टाचा शिक्का नाही.”

“मी हाताने आणलंय.”

“मग तिकीट फुकट घालवलं त्यांनी.” आणि त्या हसल्या. पत्र मात्र लगेच उघडलं नाही. आतून बिस्किटांचा एक मोठा डबा आणला. त्यात सगळी पत्रं, वर्षावार, दोऱ्याने बांधलेली. “बघा. दर वर्षी एक. मी ‘नाही’ असं लिहायचे आणि पंधरा दिवस जिन्यावर पोस्टमनची पावलं ऐकायचे. मग म्हणायचे, जाऊ दे, रीत म्हणून बोलावतात.”

“एकदा फोन करायचा होतात.”

“मी? पहिल्या घंटेला जाऊन बसू?” त्यांचा आवाज चढला आणि मालकांनी घासलेली सगळी भाषा गळून पडली. “आमच्या घरी जेवन मिलत नाय काय?”

मला हसू आलं आणि रागही आला. दोन शहाणी माणसं, मध्ये तीन स्टेशनं नाही तर चार, आणि बत्तीस वर्षं दोघंही एकेका घंटेची वाट बघत बसलेली! त्यांनी पत्र वाचलं. मग नकाशा उलगडला. बराच वेळ पाहिला. टेबलावरचं पेन घेतलं, उजव्या हाताचं आपलं नाव खोडलं आणि दत्तोपंतांच्या बरोबर समोर लिहिलं. “बाजूला बसले तर ते गद्रेमास्तरांकडे बघून बोलतील. मला माहीत आहे. समोरच बसवा.”

“म्हणजे येताय?”

“उत्तर टपालाने कळवते.”

शुक्रवारी काही आलं नाही. शनिवारीही नाही. दत्तोपंत दोन्ही दिवस पोस्टमनच्या वेळेला खाली पार्किंगमध्ये उभे. मी शपथेवर सांगत होते की त्या येणार आहेत, पण त्यांचं एकच, “लेखी काय आहे?” रविवारी नव्या नकाशाप्रमाणे पानं मांडली. गद्रेमास्तर आले. बारा वाजले, साडेबारा. पावणेएकला दत्तोपंत मंदाताईंकडे वळले आणि मला वाटलं, आता ते पान उचलायला सांगणार. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात कुमुदबाई. जिना चढून दम लागलेला. समोर दत्तोपंत, आणि या माणसाला पहिलं वाक्य सुचलं ते हे, “तुमचं उत्तर आलेलं नाही.”

“काल टाकलंय पेटीत. येईल चार दिवसांनी. आत येऊ की ते आल्यावर येऊ?”

दत्तोपंत बाजूला झाले. कुमुदबाईंनी आपली चिठ्ठी वाचली आणि समोर बसल्या. दत्तोपंतांनी मंदाताईंच्या हातातून पातेलं घेतलं आणि स्वतः वाढायला लागले. हात इतका थरथरत होता की बिरडं अर्धं पानात, अर्धं टेबलावर. श्रीखंड वाढताना ते म्हणाले, “त्या दिवशी मी तुमची अब्रू...”

“अब्रू माझी होती,” कुमुदबाई म्हणाल्या. “राखायची होती तर मला विचारायचं.”

“चुकलं माझं,” दत्तोपंत म्हणाले. पुढे काही नाही. आवाज लावला नाही, हात उंचावला नाही. मी त्यांचं एकही नाटक पाहिलेलं नाही, पण त्या दुपारी माझे डोळे भरून आले. गद्रेमास्तरांनी विचारलं, “काय म्हणाला?” आणि कुमुदबाईंनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, “पुरी घ्या म्हणतात!”

त्यानंतरच्या पाच महिन्यांत कुमुदबाई तीन वेळा आल्या. प्रत्येक खेपेला तीन पत्रं, दोन नकार. माझी बोटं दुखायला लागली. मी म्हणायचे, “आता तरी हा फार्स बंद करा.” तर दोघंही माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच काहीतरी असभ्य बोलले.

दिवाळीच्या आधी दत्तोपंत गेले. सकाळी, आरामखुर्चीत, केस नुकतेच रंगवलेले. दवाखाना नाही, नळ्या नाहीत. जगात असं जायला मिळणं हे भाग्यच, आणि त्यांना ते बहुधा आग्रहाशिवाय मिळालेलं एकमेव आमंत्रण असावं. घर गप्प झालं आणि अठरा पायऱ्या चढायचं मला कारण उरलं नाही. त्या आठवड्यातल्या गुरुवारी पाच वाजता मी सवयीने पेन घेऊन उठले होते.

शोकसभा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली. चाळीस खुर्च्या मागवल्या, शंभर माणसं आली. डेंटिस्ट उभाच. नाट्यमंडळाची ती मुलंही आली होती, मागे अवघडून उभी. सभा सुरू व्हायच्या जरा आधी पोस्टमन माझ्या हातात एक कार्ड देऊन गेला. अक्षर वेडंवाकडं, माझ्या मदतीशिवाय लिहिलेलं. मंदाताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “दोन महिन्यांमागे दिलेलं मला. मी गेलो की पेटीत टाका, बोलले. त्याच दिवशी टाकलं मी.”

‘सेक्रेटरीबाईंस, माझ्या शोकसभेचे आमंत्रण अद्याप मिळालेले नाही. तथापि, उपस्थित राहण्याची मनापासून इच्छा असूनही काही अपरिहार्य कारणास्तव येऊ शकत नाही. क्षमस्व. कुमुदबाईंना पहिल्या रांगेत, मध्यभागी बसवावे.’

कुमुदबाई पहिल्या रांगेत, मध्यभागीच बसल्या होत्या. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मग पुन्हा वाचलं. पदराच्या टोकाने त्यावरचा एक थेंब टिपला.

“पहिलाच नकार हाय,” त्या म्हणाल्या. “परत बोलवा त्यांना.”

आणि मी, शंभर माणसांसमोर, पर्समध्ये कोरं पोस्टकार्ड शोधायला लागले.